अपघात विभागातील वीस मिनिटे

रुग्णालयाच्या अपघात विभागाची पायरी चढण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. ती येते तेव्हा मात्र माणूस एकटा जात नाही. एका रुग्णामागे भाऊबंद, शेजारी, गाडीवाला आणि वाटेत भेटलेले दोघेतिघे अशी दहा-बारा माणसे जातात, आणि आत नेमके काय चालते हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नसते. अशा दहा-बारा जणांत एका रात्री मीही होतो. त्या रात्री आमच्या हातून जे घडले त्याची लाज अजून वाटते. तथापि हा लेख लाजेपोटी लिहिलेला नाही. त्या वेळी जे कळले नाही आणि पुढे विचारपूस करून, वाचून जे कळले, ते आपल्या महाविद्यालयातील मित्रांना, विशेषतः वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्यांना सांगावे, एवढाच हेतू आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनातील गोष्ट. आमची वस्ती नांदगावपासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. मका सोंगून झाला होता, बांधाला चाऱ्याची गंजी रचलेली होती आणि रांगड्या कांद्याला पाणी द्यायचे होते. त्या आठवड्यात शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची होती. आपल्या या कमी पावसाच्या तालुक्यात विहिरीला पाणी आणि तारेत वीज एकाच वेळी असली, की शेतकरी झोपेची पर्वा करीत नाही. नाना, म्हणजे माझे चुलते, जेवण करून नऊच्या सुमारास पाणी भरायला गेले. गंजीजवळ त्यांना कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला आणि पाठोपाठ घोट्याला कळ लागली. पायात चप्पलसुद्धा नव्हती.

पुढचा तासभर आम्ही काय केले ते सांगितलेच पाहिजे. एकाने कासऱ्याच्या तुकड्याने पोटरी करकचून बांधली. दुसऱ्याने काठीने साप मारला. तिसऱ्याने विष उतरविणाऱ्या एका माणसाचे नाव सुचविले आणि आम्ही नानांना आधी तिकडे नेले. तेथे पाऊण तास गेला. माझी काकू तेवढी म्हणत होती, ‘अरे, दवाखान्यात न्या रे आधी.’ पण बाईमाणसाचे त्या वेळी कोण ऐकतो? पाय गुडघ्याच्या दिशेने सुजू लागला तेव्हा कुठे कांद्याच्या पिकअपमध्ये नानांना घातले आणि पावणेअकराच्या सुमारास सरकारी रुग्णालय गाठले.

अपघात विभाग म्हणजे एक मोठी खोली, दोन खाटा, एक टेबल, औषधांचे कपाट. एक तरुण डॉक्टर, एक सिस्टर आणि एक शिपाई. आम्ही मात्र अकरा जण. डॉक्टरांनी नानांच्या पापण्या वर करून पाहिल्या, एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, हिरड्या पाहिल्या, नाडी आणि रक्तदाब पाहिला. ‘किती वाजता चावला? काय बांधलं? त्यानंतर लघवी झाली का?’ असे प्रश्न विचारले. आम्ही अकरा जणांनी अकरा उत्तरे दिली. सिस्टरने शीर धरून सलाईन लावले, थोडे रक्त काढले, ते एका काचेच्या नळीत घातले आणि नळी खिडकीजवळच्या स्टँडमध्ये उभी करून ठेवली. तेवढ्यात मोटारसायकलवरून पडलेल्या एका मुलाला आत आणले आणि डॉक्टर आमच्या नानांना सोडून त्याच्याकडे गेले.

येथे आमचा संयम सुटला. आम्ही आधी आलेलो, आणि हा मागून आलेला! त्यात आमच्यापैकी एकाने मेलेला साप गोणीत घालून आणला होता. त्याने ती गोणी डॉक्टरांपुढे उघडून धरली. निम्मी खोली रिकामी झाली. डॉक्टरांनी एकवार पाहिले, ‘घोणस’ एवढेच म्हणाले आणि पुन्हा त्या मुलाकडे वळले. साप कळला, चावा दिसतो आहे, आणि तरी इंजेक्शन नाही! माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, पुढे झाला आणि त्याने मागून डॉक्टरांची कॉलर धरली. डॉक्टर वळले नाहीत. ‘सोडा. मला हात मोकळे हवेत,’ एवढेच ते बोलले.

आणि मी काय करीत होतो? मी मोबाइलवर चित्रण करीत होतो. दादाला मागे ओढावे हे मला सुचले नाही. पुरावा हवा, हे मात्र सुचले. महाविद्यालयीन शिक्षणाने मला इतपत शहाणे केले होते!

सिस्टर माझ्याजवळ आली. वयाने माझ्या आईएवढी असेल. म्हणाली, ‘शिकलेला दिसतोस. मोबाइल ठेव आणि घड्याळ बघ. ती नळी दिसते ना? तिला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. वीस मिनिटं झाली की मला हाक मार.’ मी नळीजवळ जाऊन उभा राहिलो. दादानेही कॉलर सोडली. सिस्टरच्या बोलण्यामुळे, की तो मुलगा त्या क्षणी घशातून घरघरू लागला म्हणून, ते सांगता येत नाही.

आता त्या वीस मिनिटांचा अर्थ.

घोणशीच्या विषाचा मोठा घाव रक्तावर पडतो. रक्त गोठविणारे जे घटक शरीरात असतात ते या विषाने खर्ची पडतात. मग हिरड्यांतून, लघवीवाटे, प्रसंगी मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. हे घडले आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत सोपी आणि खेड्यातही करता येण्याजोगी परीक्षा अशी : दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्ताची गाठ जमली असेल तर तूर्त ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच लागते, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने चालू होते, प्लॅस्टिकच्या नळीत ती नीट होत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, साबणाचा अंश गोठण्यात अडथळा आणतो. मध्येच कोणी नळी हलवून पाहिली तर परीक्षा फुकट जाते. म्हणजे ज्या वीस मिनिटांत ‘डॉक्टर काहीच करीत नाहीत’ असे आम्हाला वाटत होते, त्याच वीस मिनिटांत नानांची तपासणी चालू होती. ती करणारी वस्तू खिडकीत उभी होती, इतकेच.

परंतु साप घोणस असल्याचे कळल्यावर ही परीक्षा हवीच कशाला, असे कोणीही विचारील. मीही पुढे विचारले. उत्तर असे की विषारी साप चावला म्हणजे विष सोडतोच असे नाही, पुष्कळदा चावा कोरडा असतो. आणि ज्याला आपण सापाची लस म्हणतो ते प्रतिविष काही निरुपद्रवी पाणी नव्हे. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिकारद्रव्ये तयार होतात त्यांपासून ते बनवितात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव (संस्था १८९९ सालची) या कामाशी जोडलेले आहे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. पण घोड्याच्या रक्तातील हे द्रव्य कित्येकांना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, हुडहुडी भरते, दम लागतो, रक्तदाब कोसळतो, आणि वेळीच अ‍ॅड्रेनलिन टोचले नाही तर औषधानेच जीव जाऊ शकतो. म्हणून विषाची खूण दिसल्याशिवाय ते देत नाहीत, आणि खूण दिसल्यावर एक क्षणही थांबत नाहीत.

वीस मिनिटे झाली. मी हाक मारली. सिस्टरने नळी तिरपी केली आणि रक्त एका बाजूला सरळ वाहून आले. ‘सर, गोठलं नाही. सुरू करते,’ ती म्हणाली. तोवर त्या मुलाला श्वास नीट येऊ लागला होता. डॉक्टर आले, अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवले आणि दहा व्हायल प्रतिविष सलाईनमधून सुरू केले. एक व्हायल घोणशीचे सुमारे सहा मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते आणि ही घोणस एका चाव्यात सरासरी साठ-पासष्ट मिलिग्रॅम विष सोडते. दहाचा हिशेब तेथून आला आहे. लहान मुलालाही मात्रा तेवढीच द्यावी लागते, कारण समोर कोण आहे हे पाहून साप विष कमी सोडत नाही.

कासऱ्याची गाठही त्यांनी आता सोडविली, तीही हळूहळू, नाडीवर बोट ठेवून. आम्ही आल्यापासून ‘ते आधी सोडा’ किंवा ‘ते सोडू नका’ असा दुहेरी गलका करीत होतो. वास्तविक ती गाठ बांधायचीच नसते. विष त्याने थांबत नाही. खालचा भाग मात्र रक्ताविना मरू लागतो, आणि घट्ट गाठ एकदम सोडली तर अडलेले विष एकाच वेळी अंगात पसरते. फ्रॅक्चर झालेल्या हातापायाला देतो तसा फळीचा आधार द्यायचा, रुग्णाला चालू द्यायचे नाही आणि निघायचे, एवढेच आपले काम. मेलेला सापही नेण्याची गरज नाही. मारताना दुसऱ्याला चावतो, आणि मेल्यावरही काही काळ त्याचा जबडा मिटू शकतो.

राहिला तो मागून आलेला मुलगा. अपघात विभागातील रांग ही रेशनच्या दुकानातील रांग नव्हे. जो आधी आला त्याचा नंबर आधी, हा न्याय तेथे लागू नाही. ज्याचा जीव आधी जाईल त्याचा नंबर आधी. बेशुद्ध माणसाच्या घशात रक्त साचून श्वास अडला तर मेंदूला चार-पाच मिनिटांपलीकडे धीर धरवत नाही. नानांजवळ वीस मिनिटे होती, त्या मुलाजवळ ती नव्हती. नानांच्या पापण्या आणि नाडी पाहण्यात डॉक्टरांनी जी दोन मिनिटे घालविली, ती याच निवडीसाठी होती.

या निवडीला ‘ट्रायाज’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे, प्रत लावणे असाच आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य दोमिनिक झाँ लारे याने रणांगणावर नियम घालून दिला की जखमींवरील उपचार हुद्दा पाहून नव्हे, जखम पाहून करायचे. सेनापती आणि शिपाई, आपला आणि शत्रूचा, हा भेद त्याने मानला नाही. जखमींना त्वरेने उचलून आणणाऱ्या हलक्या घोडागाड्याही त्याच्याच कल्पनेतून आल्या. (नेपोलियनच्या लढाया आपण इतिहासात पाठ करतो, हा माणूस मात्र कोठे भेटत नाही.) पुढे यातूनच लाल, पिवळा, हिरवा असे वर्ग पडले : लाल म्हणजे या क्षणी, पिवळा म्हणजे लवकरच पण थोडे थांबता येईल, हिरवा म्हणजे थांबला तरी चालेल. आपण नांदगावकर कांदा निवडून प्रत लावण्यात तरबेज. फरक इतकाच की आपण चांगला माल आधी पुढे करतो, आणि तेथे सर्वांत वाईट अवस्थेतला आधी घेतात. तेव्हा अपघात विभागात आपल्याला थांबवून ठेवले असेल, तर पुष्कळ वेळा ती चांगलीच खूण असते. हे त्या दारावर कोणी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून का ठेवीत नाही, हे मला समजलेले नाही. दोष सगळा नातेवाइकांच्या अज्ञानाचा मानणे सोपे आहे, पण दोन वाक्ये सांगायलाही माणूस लागतो, आणि तेथे रात्री तीनच माणसे असतात.

प्रतिविष सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच नानांच्या छातीवर गांधी उठल्या आणि ते थडथडू लागले. काकू रडू लागली. डॉक्टरांनी सलाईन थांबविले, ट्रेमधली सिरिंज उचलून मांडीत टोचली, काही वेळ वाट पाहिली आणि पुन्हा हळू गतीने प्रतिविष चालू केले. अर्ध्या तासापूर्वी हेच घडले असते तर ‘चुकीचे इंजेक्शन दिले’ म्हणून आम्ही काय केले असते, याची कल्पना करवत नाही. या वेळी कोणी जागचे हलले नाही.

सहा तासांनी पुन्हा नळी. यकृताला गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला साधारण तेवढा अवधी लागतो, म्हणून सहा तास. पहाटे पुन्हा रक्त गोठले नाही, प्रतिविषाची दुसरी मात्रा दिली गेली. शिवाय रात्रभरात लघवी फार थोडी आणि चहाच्या रंगाची झाली होती. घोणशीचे विष मूत्रपिंडांनाही सोडत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘यांना डायलिसिस लागू शकतं. ते इथं नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवतो.’

ग्रामीण भागात सर्वांत जास्त भांडणे या एका वाक्यावरून होतात. आपल्याला ते ‘हात झटकले’ असे ऐकू येते. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील मार्च २०१७ मधील घटना अनेकांना आठवत असेल. अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला तेथील शासकीय रुग्णालयात आणले होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नसल्याने दुसरीकडे न्यावे लागेल, असे निवासी डॉक्टरांनी सांगितले, आणि जमावाने त्या डॉक्टरांना एवढे मारले की त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढविण्याचा आणि एका रुग्णाबरोबर दोनच नातेवाईक सोडण्याचा निर्णय पुढे आला. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास देणारा कायदा आपल्या राज्यात २०१० पासून होताच. कायदा असून मार चुकला नाही, कारण मारणाऱ्याला त्या क्षणी कायदा आठवत नाही. दादाला कुठे आठवला होता?

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. दुसरीकडे पाठविणे आणि दारातून परत पाठविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका स्कूटरस्वाराला अपघातानंतर जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून घेतले नाही, वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले आणि वाटेत त्याचा मृत्यू झाला. ती बातमी वाचून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार नंतर. पुढे बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठविले. त्या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई दिली आणि तातडीचा उपचार हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला. तेव्हा आधी प्राथमिक उपचार, रुग्णाला प्रवास सोसेल अशी तयारी आणि सोबत चिठ्ठी, हे मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. तो कॉलर न धरताही मागता येतो.

ती चिठ्ठी आम्हाला मिळाली. चाव्याची वेळ, बांधलेला कासरा, पहिली नळी किती वाजता, दुसरी किती वाजता, किती व्हायल, गांधी उठल्या ती वेळ, लघवी किती, असे सगळे तीत होते. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी नानांकडे पाहण्याआधी तिच्याकडे पाहिले. १०८ची रुग्णवाहिका आली. २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी आपल्या राज्यात सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. आदल्या रात्री तो क्रमांक आम्हा अकरा जणांपैकी एकालाही आठवला नव्हता, अकराही जणांच्या खिशात मोबाइल असून.

गाडीत एकच नातेवाईक बसेल असे सांगितल्यावर काकूने माझे नाव घेतले. म्हणाली, ‘यालाच सगळं वेळेनिशी माहीत आहे.’ घड्याळ पाहण्याचे जे काम सिस्टरने मला केवळ शांत करण्यासाठी दिले असावे, ते असे उपयोगी पडले. पुढच्या प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांनी तेच तीन-चार प्रश्न विचारले आणि मी एकट्याने उत्तरे दिली. रुग्णाला कोणत्या गोळ्या चालू आहेत, मधुमेह आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे मात्र मला ठाऊक नव्हते. काकूला फोन करून विचारावे लागले. आता आमच्या घरी नानांच्या, आजीच्या आणि बाबांच्या औषधांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुतेक नानांसारखीच खेड्यातली, आणि सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या दिवसांतले. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र शासनाने २०२४ साली जाहीर केली आहे. नाना त्या आकड्यात गेले नाहीत. चार वेळा डायलिसिस झाले आणि सतराव्या दिवशी ते घरी आले. आता रात्री पाणी भरायला जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालतात, हातात बॅटरी असते आणि काठी आपटत चालतात. उभे राहून फार वेळ काम केले तर तो पाय अजून सुजतो.

दिवाळी झाल्यावर दादा आणि मी त्या रुग्णालयात गेलो. दादाने काय बोलायचे ते मोटारसायकलवर दोनदा म्हणून पाहिले होते. डॉक्टर तेथे नव्हते, त्यांची बदली झाली होती. सिस्टर होती. तिने दादाला ओळखले की नाही ते कळले नाही. एका मुलाच्या हाताला पट्टी बांधता बांधता तिने मान वर केली आणि मला विचारले, ‘नानांना आता लघवी नीट होते ना?’